स्टेडियम सरकारच्या पैशातून का? बेळगाव भागाला खरं काय पाहिजे ते बोलूया

कडोलीचे_पीटीसर

मंडळी नमस्कार. बेंगलोरला सूर्यनगर-बोम्मसंद्र बाजूला ८० हजार लोक बसतील असं नवीन क्रिकेट स्टेडियम होणार, ही बातमी सगळ्यांनी वाचली असेलच. ४ जून २०२५ ला आरसीबीच्या जल्लोषात चिन्नास्वामी स्टेडियमच्या दारात चेंगराचेंगरी होऊन ११ जण गेले, मग चौकशीला नेमलेल्या डी'कुन्हा आयोगानं सांगितलं की एवढ्या गर्दीला ती जागा योग्य नाही, आणि ऑगस्टमध्ये मुख्यमंत्र्यांनी नव्या स्टेडियमला होकार दिला. ७५ एकर जमीन, १६५० कोटी खर्च. पैसे कर्नाटक हौसिंग बोर्ड घालणार म्हणून सरकारच्या तिजोरीवर बोजा नाही असं सांगतात.

ज्यांची माणसं गेली त्यांचं दुःख मोठं आहे आणि सुरक्षित जागा पाहिजेच, त्यात वाद नाही. माझा प्रश्न बिल कोण भरणार एवढाच. हौसिंग बोर्ड सरकारचंच ना? त्याची जमीन, त्याच्या प्लॉटचे पैसे, सगळं लोकांचंच. सामान्य माणसाला घर मिळावं म्हणून काढलेलं मंडळ स्टेडियम बांधणार आणि तिथं मुख्य कार्यक्रम कुठला होणार तर आयपीएल, जिचे २०२३ ते २०२७ एवढ्या पाच वर्षांचे नुसते दाखवायचे हक्क ४८,३९० कोटींना गेले. ज्या धंद्यात एवढा पैसा आहे त्या धंद्याला मैदान आपण का बांधून द्यायचं?

आता हे इथं बेळगावात का काढतोय, तर आपल्याकडं पण 'आंतरराष्ट्रीय स्टेडियम पाहिजे' ही भाषा टुर्नामेंटच्या बक्षीस समारंभात ऐकू यायला लागलीय, टाळ्या पण पडतात. मी हायस्कूलला पीटी शिकवतो. आमच्या भागातली मैदानं कशी आहेत ते रोज बघतो. सभा आली की मैदान गेलं, प्रदर्शन आलं की महिनाभर गेलं, मांडव निघाला की खड्डे आणि खिळे तसेच, आणि अनवाणी पळणारी पोरं त्यातच पळतात. तालुक्याच्या स्पर्धेला मुली येतात त्यांना कपडे बदलायला आडोसा नसतो. आधी हे करा की. सरकारचा पैसा खेळणाऱ्याच्या पायाखाली जाऊ दे, बघणाऱ्याच्या खुर्चीखाली नको, असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणानं लिहा, विरोधात असलं तरी लिहा.

कॉलेजरोड_ऑलराऊंडर

सर तुमच्याबद्दल रिस्पेक्ट आहे खरं हे मला पटलं नाही. आपल्या भागाला काही मोठं मिळायची वेळ आली की पहिला नको म्हणणारा आपलाच माणूस असतोय. २०१९ ला ऑटोनगरच्या केएससीए (कर्नाटक क्रिकेट असोसिएशन) ग्राउंडवर इंडिया ए आणि श्रीलंका ए ची सिरीज झाली आठवतंय का कुणाला? प्रियांक पांचाळ आणि अभिमन्यू ईश्वरननं ३५२ ची सलामी दिली, नंतर वनडेत ऋतुराजनं नाबाद १८७ मारलं, आणि ते बघायला आम्ही पोरं कशी गेलेलो ते आमचं आम्हाला ठाऊक, जवळून बघितलो त्या लोकांना. त्या दिवसानंतर आमच्या गल्लीतली किती पोरं क्रिकेट सिरीयसली घेतली! मोठा खेळाडू डोळ्यांनी बघितल्याशिवाय पोराला आपण पण होऊ शकतो असं वाटत नाही हो सर.

आणि एक लक्षात घ्या. कर्नाटक प्रीमियर लीगमध्ये आपली बेळगावी पँथर्स टीम होती, २०१७ ला चॅम्पियन झाली. २०२२ पासून महाराजा ट्रॉफी सुरू झाली त्यात सहा टीम, हुबळी आहे, गुलबर्गा आहे, शिमोगा आहे, मंगळूर आहे, बेळगाव नाही. का नाही? आपल्याकडं प्रेक्षक बसवायची सोय असती तर आपल्याला असं वगळायला जमलं असतं का? रोणित मोरे आपल्याच गावचा, कर्नाटककडून खेळला, आयपीएलपर्यंत गेला, म्हणजे टॅलेंट नाही असं तर नाहीच. सरकार रस्ते बांधतंय, नाट्यगृह बांधतंय, मग स्टेडियमलाच कसला नकार.

तांबडी_माती

पीटी सरांना +१. आमच्या आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्तीचं मैदान भरलं की बघा कसे लोक येतात, तिकिटाला लाखो रुपये कुणी मागत नाही. सविस्तर संध्याकाळी लिहितो.

ओहायोतला_टिळकवाडीकर

मूळचा टिळकवाडीचा, बरीच वर्षं अमेरिकेत ओहायोमध्ये आहे. हा वाद इथं तीस-चाळीस वर्षं चाललाय म्हणून जरा लांबण लावतो, कारण आपण जे आता करायला निघालोय ते ह्या लोकांनी करून बघितलेलं आहे.

सिनसिनाटी शहर ज्या हॅमिल्टन काऊंटीत (काऊंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) येतं तिथं १९९६ मध्ये लोकांनी मतदान करून विक्रीकर अर्धा टक्का वाढवून घेतला, कशासाठी तर फुटबॉलची बेंगल्स टीम आणि बेसबॉलची रेड्स टीम गाव सोडून जाऊ नये म्हणून दोघांना दोन नवीन स्टेडियम द्यायला. त्या बदल्यात घरपट्टीत सूट देऊ असं कबूल केलं होतं म्हणून लोक पण हो म्हणाले. झालं काय की विक्रीकराचा अंदाज धरला होता तेवढा पैसा आला नाही, २००८ ची मंदी आली, स्टेडियमचा करार मात्र असा करून ठेवलेला की देखभाल, दुरुस्ती, नवीन यंत्रं सगळं काऊंटीच्या गळ्यात, मग घरपट्टीची सूट कापली, खर्चाला कात्री लावली आणि शेवटी काऊंटीचं एक हॉस्पिटल विकलं. परत सांगतो, हॉस्पिटल विकलं. टीमच्या मालकाला मात्र काही झळ लागली नाही.

इथले अर्थशास्त्राचे लोक एरवी एकमेकांशी कशावर जमवून घेत नाहीत पण ह्या एका गोष्टीवर जवळजवळ सगळ्यांचं एकमत आहे की स्टेडियममुळं गावाचा जो फायदा होईल म्हणून सांगतात तो त्यावर घातलेल्या सरकारी पैशाएवढा कधी भरत नाही. तरी चालूच आहे. बफेलोच्या स्टेडियमला राज्य आणि काऊंटीनं मिळून ८५ कोटी डॉलर दिले, नॅशव्हिलला तर १२६ कोटी डॉलर लोकांचे. कारण लीगवाले टीमची संख्या मुद्दाम कमी ठेवतात, टीम नसलेली गावं कायम रांगेत उभी असतात, मग मालक म्हणतो स्टेडियम द्या नाहीतर मी चाललो. सॅन दिएगोच्या लोकांनी २०१६ मध्ये मतदानात नाही म्हटलं आणि पुढच्याच वर्षी टीम लॉस एंजेलिसला गेली. कॅन्सस सिटी ज्यात येतं त्या जॅक्सन काऊंटीनं पण एप्रिल २०२४ मध्ये नाही म्हणून सांगितलं.

कॅनडात मॉन्ट्रियलनं १९७६ च्या ऑलिंपिकसाठी स्टेडियम बांधलं त्याचं कर्ज फिटायला २००६ उजाडलं. तीस वर्षं. जी पोरं ऑलिंपिकच्या वेळी जन्मलीसुद्धा नव्हती त्यांनी मोठं होऊन ते फेडलं.

एक उलटं उदाहरण पण प्रामाणिकपणे देतो. ग्रीन बे नावाचं गाव आहे, बेळगावपेक्षा लहान, तिथली पॅकर्स टीम कुठल्या एका शेठची नाही, पाच लाखांवर भागधारक आहेत. तिथं २००० साली लोकांनी मतदानानं अर्धा टक्का कर घेतला, स्टेडियम दुरुस्त केलं, आणि तो कर २०१५ ला बंद झाला. टीम गाव सोडून जाऊ शकत नाही कारण ती गावाचीच आहे. ऑलराऊंडर भावा, तुझ्या पँथर्सचं दुखणं हेच आहे बघ, नाव आपलं होतं पण टीम आपली नव्हती. लीग बदलली, टीम गेली. तेव्हा आपल्या पैशाचं स्टेडियम असतं तर ते आपल्याकडंच राहिलं असतं, रिकामं.

कॉलेजरोड_ऑलराऊंडर

दादा माहिती भारी आहे, खरं अमेरिकेत टीमा गाव सोडून जातात, आपल्याकडं मुंबईची टीम मुंबईतच राहतीय. तिकडचं सगळं इकडं लागू होत नाही.

हॉटेलवाला_मामा

ऑलराऊंडर बरोबर बोलूलालाय. माझा लॉजिंग-बोर्डिंगचा धंदा आहे. त्या ए टीमच्या सिरीजच्या वेळी रूम फुल होत्या, टीव्हीवाले, स्टाफ, पत्रकार. आता समजा आयपीएलची एक मॅच इथं आली तर गोव्याहून, कोल्हापूरहून, हुबळीहून माणूस येणार की नाही? कुंद्याची दुकानं, रिक्षावाले, टी-शर्टवाले सगळ्यांच्या हाताला काम. सरकारला तिकिटावर टॅक्स मिळतोच की, आयपीएलच्या तिकिटावर तर आता ४० टक्के जीएसटी आहे. सरकारनं थोडं आधी घातलं आणि नंतर टॅक्समधनं काढून घेतलं तर बिघडलं कुठं? शहर मोठं व्हायचं तर असं काहीतरी पाहिजे. नुसतं मैदान सपाट करून कोण येणार आपल्याकडं बघायला?

निपाणीचा_सीए

मामा, तुमच्या रूम फुल होत्या हे खरं आहे आणि बाहेरगावचा माणूस आला तर तो पैसा नवीन हे पण मान्य. पण गणित पुढं करूया.

आयपीएलची टीम साखळीत १४ मॅच खेळते, त्यातल्या ७ घरच्या मैदानावर. म्हणजे टीम आपली असली तरी वर्षातनं सात संध्याकाळी स्टेडियम भरणार. २०११ च्या जनगणनेत बेळगाव शहराची लोकसंख्या पाच लाखांच्या आत होती, एवढ्या गावाला आयपीएलची टीम मिळत नाही, म्हणजे आपल्या वाट्याला एखाददुसरी मॅच, ती पण क्रिकेट बोर्डाच्या मनात आलं तर. राहिलेल्या दिवसांचं लाईट, पाणी, गवत, वॉचमन कोण बघणार?

दुसरं असं की स्टेडियममध्ये बसलेला माणूस बहुतेक गावातलाच असतो. खडेबाजारातल्या एका घरानं चौघांच्या तिकिटाला, खाण्यापिण्याला पाच हजार घातले तर ते पाच हजार आभाळातनं पडलेले नसतात, त्या महिन्यात ते घर बाहेर जेवायला जात नाही, कपडे घेत नाही. म्हणजे जो पैसा खडेबाजारच्या दुकानदाराकडं गेला असता तो टीमच्या मालकाकडं गेला, तिथनं खेळाडूंच्या मानधनात, आणि खेळाडू काय बेळगावात राहत नाहीत. उलट गावातला पैसा गावाबाहेर गेला. बांधकामाचे रोजगार दोन वर्षांचे, नंतर शिल्लक कोण तर गेटवरचे आणि सफाईचे.

आणि जीएसटी निम्मा दिल्लीला, निम्मा बेंगलोरला. कॉर्पोरेशनच्या वाट्याला काय, तर मॅचच्या दुसऱ्या दिवशीचा कचरा. पोलिस बंदोबस्ताचं पण तसंच. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये क्रिकेटच्या बंदोबस्ताचा दर खाली आणला आणि तो २०११ पासून मागच्या तारखेनं लागू केला, त्याविरुद्ध हायकोर्टात जनहित याचिका झाली. सगळ्यात श्रीमंत खेळाला सवलत आणि आपल्या गणपती मंडळांना एकेक परवानगीसाठी पळापळ!

बांधून ठेवलं की पुढं काय होतं ते रायपूरला बघा. सरकारी स्टेडियम, ६० हजाराच्या आसपास खुर्च्या, १ डिसेंबर २०२३ ला तिथं भारत-ऑस्ट्रेलिया टी-२० होती आणि स्टेडियमचं ३ कोटी १६ लाखांचं वीजबिल थकलेलं, कनेक्शन आधीच तोडलेलं, फ्लडलाईट जनरेटरवर लावले. ग्रेटर नोएडाचं स्टेडियम तिथल्या विकास प्राधिकरणाचं, सप्टेंबर २०२४ मध्ये अफगाणिस्तान-न्यूझीलंड टेस्ट एक चेंडू न पडता रद्द झाली, सुरुवातीचे दिवस तर आऊटफिल्ड वाळवायचीच सोय नीट नव्हती. बांधणं सोपं, सांभाळणं अवघड, आणि सांभाळायच्या पैशावर उद्घाटनाच्या दिवशी कुणी बोलत नाही.

देसूरचा_पाव्हणा

सुवर्णसौध आठवलं.

खानापूर_एक्सप्रेस

देसूरकरांनी दोन शब्दांत सांगितलं बघा. कर्नाटक विधिमंडळाच्या अधिवेशनासाठी बेळगावात बांधलेली इमारत, २०१२ ला राष्ट्रपतींच्या हस्ते उद्घाटन, खर्च चारशे कोटींच्या आसपास, आणि अधिवेशन डिसेंबरमधले दहाएक दिवस. नंतर काही ऑफिसं तिकडं हलवली ते सोडा. आपल्यासाठी म्हणून मोठी वास्तू बांधायची आणि वर्षभर कुलूप, हा अनुभव आपल्याला पहिला नाही. आमच्या तालुक्यात पावसाळ्यात कितीतरी गावांचा रस्ता बंद असतो, तिथल्या पोरीला खो-खोच्या स्पर्धेला आणायचं म्हणजे पालक नको म्हणतात. तो रस्ता आणि ती एसटी हे पण माझ्या मते क्रीडा खात्याचंच काम आहे.

तांबडी_माती

सकाळी म्हटलं होतं तसं लिहितो. मंडळी, सरकारच्या पैशातून प्रेक्षकांसाठी बांधलेलं मैदान वाईटच असतं असं नाही. कोल्हापूरचं खासबाग बघा. शाहू महाराजांनी बांधून घेतलं, १९१२ मध्ये सुरू झालं, ३० हजार माणूस बसतं, आणि कुठल्याही कोपऱ्यात बसा, मधला हौदा (कुस्तीची माती) दिसतोच, मध्ये एक खांब नाही. शंभर वर्षं होऊन गेली, अजून कुस्त्या होतात. ते संस्थानच्या तिजोरीतलंच होतं. फरक काय, तर महाराजांनी आधी तालमी उभ्या केल्या, पैलवानांना खुराक दिला, गावोगावचे मल्ल आणून ठेवले, आणि एवढी कुस्ती झाली की बघायला जागा पुरेना तेव्हा मैदान बांधलं. आपल्याकडं आधी स्टेडियम, मग खेळाडू शोधायचे असं चाललंय.

कोल्हापूरचाच फुटबॉल बघा, शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम (पीटीएम) आणि खंडोबा तालीम अशी मॅच असली की पाय ठेवायला जागा नसते, टीमा पेठांच्या, पेठेतली पोरं खेळतात. ती गर्दी उद्या दुसऱ्या गावाला कुणी पळवून नेऊ शकत नाही. आमच्या बेळगाव भागात पण येळ्ळूर असू दे, आनंदवाडी असू दे, जंगी मैदान असलं की पंचक्रोशी लोटते, वर्गणीतनं इनाम ठरतं. तरी तालमीतल्या पोराला मॅट नाही. आता सगळ्या मोठ्या स्पर्धा मॅटवर, आणि आमचा पोरगा मातीत तयार होऊन एकदम मॅटवर उतरतो, पाय सटकतो, पहिल्या फेरीत बाहेर. खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीहून पदक घेऊन आले तेव्हा त्यांच्या जाण्याच्या खर्चासाठी कोल्हापूरच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं होतं. तेव्हा सरकारकडं नव्हते म्हणूया. आज १६५० कोटी आहेत आणि मॅटला नाहीत?

शहापूरची_माई

मी खेळातली जाणकार नाही, मुलगी ज्युदोला जाते म्हणून लिहिते. आपल्या तुरमुरीची मलप्रभा जाधव, शेतकऱ्याच्या घरातली मुलगी, २०१८ च्या एशियन गेम्समध्ये कुराश ह्या ज्युदोसारख्या कुस्तीत ब्राँझ घेऊन आली. ती काय स्टेडियममध्ये बसून मॅच बघून तयार झाली का? बेळगावात सरकारच्या क्रीडा खात्याचं ज्युदोचं शिक्षण आहे, कोच आहे, हॉस्टेल आहे, त्यातनं ती पुढं गेली. हा पण सरकारचाच पैसा ना? मग हा असा खर्च वाढवा की. एका स्टेडियमच्या पैशात असली किती हॉस्टेलं होतील ते सीए साहेबांनी काढून बघावं.

बायकांच्या बाजूनं अजून सांगते. संध्याकाळी सहानंतर मुलीला प्रॅक्टिसला सोडायचं तर रस्त्यात लाईट पाहिजे, मैदानावर स्वच्छ बाथरूम पाहिजे, बाई कोच पाहिजे. हे नसलं की नववी-दहावीत मुलींचा खेळ सुटतो, घरचे सोडवतात. ऑलराऊंडर बाळा, तुझं मोठा खेळाडू डोळ्यानं बघायचं म्हणणं मला पटतं, आमची पोर पण मलप्रभाला भेटल्यापासून पेटलीय. पण मलप्रभाला भेटायला स्टेडियम लागलं नाही.

हलग्याचा_शेतकरी

सगळे पैशाचं बोलूलालेत, जमिनीचं कोण बोलना. स्टेडियम आभाळात बांधणार काय? ७५ एकर, शंभर एकर कुठनं आणणार, आमच्याच शिवारातनं की. हलगा-मच्छे बायपासचं काय झालं बघितलासा न्हवं, पिकातनं जेसीबी घातले, लोक कोर्टात गेले, बायका बांधावर आडव्या झोपल्या. ही जमीन म्हणजे साधी न्हाई ओ, बेळगावी बासमती ह्याच मातीत पिकतंय, वर्षाला दोन-तीन पिकं. रिंग रोडची टांगती तलवार वेगळीच. त्यात आता स्टेडियम आणलासा तर आम्ही कुठं जायचं?

माझा पोरगा क्रिकेट खेळतोय, मी नको म्हणत न्हाई. खरं त्याला खेळायला माझं शेत गेलेलं मला नको. पडीक सरकारी जागा असली तर तिथं करा, आमची ना न्हाई.

एक्स_एमएलआय

माई आणि माती, दोघांचंही पटलं, तरी सरकारी स्टेडियमच्या बाजूनं एक उदाहरण मांडतो कारण मी मिलिटरी सर्व्हिसमध्ये हॉकी खेळलोय. ओडिशा सरकारनं राऊरकेलाला बिरसा मुंडा हॉकी स्टेडियम बांधलं, २० हजारावर प्रेक्षक, जानेवारी २०२३ च्या वर्ल्डकपला सुरू केलं. सगळा पैसा सरकारचा. पण जागा कुठली निवडली, तर सुंदरगढ जिल्हा, जिथं पोरं बांबूच्या काठीनं हॉकी खेळत मोठी होतात, दिलीप तिर्की तिथलाच. आणि स्टेडियमबरोबर त्या जिल्ह्यात ब्लॉकाब्लॉकात (तालुक्या-तालुक्यात) हॉकीचं टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान घालायचं काम काढलं, हॉस्टेलं केली, २०१८ पासून देशाच्या हॉकी टीमला स्पॉन्सर केलं जेव्हा कंपन्या हॉकीकडं बघत नव्हत्या. म्हणजे जिथं बाजार पैसा घालत नाही तिथं सरकारनं घातला. क्रिकेटला उलट आहे, बाजार आधीच ओसंडून वाहतोय. सरकारनं तिथं हात घालायचं कारणच नाही.

अवांतर: बेळगावच्या किती पोरांना माहीत आहे की १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनला आपल्या गावचे फडेप्पा चौगुले पळाले आणि १९ वे आले? भारतातनं गेलेल्या पहिल्या काही धावपटूंपैकी एक. आपल्या मातीत पळणारी, झुंजणारी माणसं आहेत, त्यांच्यासाठी मागूया.

निपाणीचा_सीए

माईंनी हिशेब काढायला सांगितला, पण एका हॉस्टेलचा खर्च अंदाजानं लिहिणं बरोबर नाही. फक्त एक करतो. १६५० कोटीवर वर्षाला ७ टक्के व्याज धरलं तर ११५ कोटींच्या वर होतं, म्हणजे मुद्दलाला हात न लावता दरवर्षी एवढे. कर्नाटकात ३१ जिल्हे, भाग घातला तर जिल्ह्याला दरवर्षी साडेतीन कोटींच्या वर, कायमचे. आपल्या जिल्ह्यात साडेतीन कोटीत दरवर्षी किती कोच, किती मॅट, किती बाथरूम होतील ते पीटी सरांनी सांगावं.

एक्स एमएलआय साहेब, बाजार जिथं नाही तिथं सरकार, हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटला. क्रिकेटमध्ये जे झालं त्यातलं जरा बरं म्हणजे वाराणसी. तिथं उत्तर प्रदेश सरकारनं जमिनीला १२१ कोटी घातले आणि बांधकामाचे ३३० कोटी क्रिकेट बोर्डानं घालायचं ठरलं. पूर्ण पटत नाही, पण निदान मोठा वाटा धंदेवाल्याचा. आणि पुण्याजवळ गहुंजेला महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशननं कर्ज काढून स्वतः बांधलं, हप्ते थकले तेव्हा २०१८ ला बँकांनी सांकेतिक ताबा घेतला. वाईट झालं, पण अडचण असोसिएशनची झाली, करदात्याच्या गळ्यात थेट पडली नाही.

अजून एक. २०२५ चा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा आला त्यात माहिती अधिकार फक्त सरकारी मदत घेणाऱ्या संघटनांना लागू ठेवला. क्रिकेट बोर्ड म्हणतं आम्ही सरकारचे पैसे घेत नाही म्हणून आम्हाला लागू नाही. ठीक आहे, मग जमीन आणि स्टेडियम पण घेऊ नका. घ्यायचं तर हिशेब दाखवायचा.

कॉलेजरोड_ऑलराऊंडर

मला सगळ्यांनी मिळून धरलंय, बरं असू दे. दोन गोष्टी सांगतो. हलग्याच्या काकांचं पटलं, पिकाऊ जमीन नको, शंभर टक्के. आणि ८० हजाराचं मला पण नको. खरं सगळं मॅट आणि बाथरूमवरच नेऊन ठेवू नका. आम्ही पोरं इथं मॅटिंगवर नाहीतर सिमेंटवर खेळतो आणि ट्रायलला हुबळीला, बेंगलोरला टर्फवर (माती-गवताच्या खऱ्या खेळपट्टीवर) उभं करतात, बॉल कुठं वळतोय कळेपर्यंत आऊट. तांबड्या मातीवाल्या मामांच्या पैलवानाचं आणि आमचं दुखणं एकच आहे. आमच्या भागात लोकांच्या पैशातनं चार-पाच टर्फ विकेट, नेट, एक रोलर आणि पगारी माळी एवढं पाहिजे, आणि बाजूला पाच हजार माणूस बसेल अशा पायऱ्या. तेवढं मागायला काय हरकत आहे? आणि पँथर्सचा विषय मी सोडणार नाही. बेळगावची टीम लीगमध्ये पाहिजेच.

कडोलीचे_पीटीसर

काहीच हरकत नाही, उलट हेच पाहिजे. पायऱ्यांना माझा विरोध नाही रे बाळा. त्या पायऱ्यांवर वर्षातले तीनशे दिवस गावातली माणसं बसतील, पोरं खेळतील, बायका सकाळी फिरतील, तर घाला पैसे. गेटला कुलूप लावून एका असोसिएशनच्या हातात किल्ली द्यायची असली तर मात्र एक रुपया नको. सरकारी जमीन घेऊन जे कुणी मैदान चालवेल त्यानं वर्षातले किती दिवस शाळांना फुकट देणार, तिकिटातला किती वाटा कॉर्पोरेशनला देणार, दुरुस्ती कोण करणार, हे कागदावर आणि लोकांसमोर लिहून दिलं पाहिजे. ओहायोच्या काऊंटीनं सही करताना बघितलं नाही ते आपण आधी बघूया.

सीए साहेब, साडेतीन कोटींचं म्हणाल तर माझ्या डोळ्यासमोर पहिल्या वर्षी तालुक्या-तालुक्यात एकेक पूर्णवेळ कोच येतो, बाकी सगळं त्याच्यामागून. मैदान वाईट असलं तरी चांगला कोच काहीतरी करतो, कोच नसला तर सोन्याचं मैदान पण गवत वाढवतं. आमच्या शेजारच्या कितीतरी शाळांत पीटीची जागा रिकामी आहे, गणिताचा मास्तर शिट्टी घेऊन उभा राहतो.

हॉटेलवाला_मामा

माझं थोडं वेगळं मत अजून आहे. मॅच आली पाहिजे. खरं जमीन आणि व्याजाचा हिशेब बघितला तर सरकारनं एकट्यानं बांधू नये हे मान्य करतो. बांधायचं तर आम्ही हॉटेलवाले, व्यापारी मिळून काही घालू, क्रिकेट बोर्ड घालू दे, सरकारनं जागा भाड्यानं द्यावी, विकत नको, फुकट नको. आणि सर, राज्य पातळीवरच्या शालेय स्पर्धा इथं आणा. चार-पाचशे पोरं, कोच, पालक चार दिवस राहतात, त्याला स्टेडियम लागत नाही, आमच्या रूम पण भरतात.

खानापूर_एक्सप्रेस

डिसेंबरचं अधिवेशन येईलच. निवेदन द्यायचं का? सुवर्णसौधच्या समोर सगळ्यांचे मांडव असतात, आपलं पण एक पान जाऊ दे. मराठी भागातल्या आमदारांना, डीसींना (जिल्हाधिकाऱ्यांना) आणि क्रीडा खात्याला. कन्नड प्रत मी करून देतो, दोन्ही भाषेत असलं की घेतात. मागणी खेळाची आहे, ती कन्नड शाळेतल्या पोरांची पण तेवढीच आहे, त्यांच्या सह्या पण घेऊया.

शहापूरची_माई

जरूर. मुलींच्या बाथरूमचा आणि बाई कोचचा मुद्दा सगळ्यात वर घाला, खाली घातला की कुणी वाचत नाही.

हलग्याचा_शेतकरी

पिकाऊ जमीन न्हाई म्हणजे न्हाई, हे लिहा. सही आमच्या गावातनं शंभर देतो.

कॉलेजरोड_ऑलराऊंडर

टर्फ विकेट आणि माळी. आणि पँथर्स.

कडोलीचे_पीटीसर

पँथर्सचं वेगळं निवेदन केएससीएला देऊया, ते सरकारचं काम नाही. ते तू लिही, मी पहिली सही करतो. मूळ निवेदनाचा कच्चा मसुदा रविवारपर्यंत इथंच टाकतो, तालीमवाल्यांनी मॅटची मापं आणि किती तालमींना लागतील ती यादी मला पाठवा.

तांबडी_माती

यादी उद्या. वस्तादांना विचारून घेतो.